चालु

हजार विड्यांत अम्माची एकही कधी कमी भरली नाही.
चाळीस कट्टे, पंचवीसचा एक.
चेकर छाट काढायचा ती पानाची, ढिल्या दोऱ्याची;
मोजणीत बोट ठेवायला जागा नसायची.
म्हणून आधीच सांगते, गोळ्यांचं जे झालं
ते तिला मोजता येत नव्हतं म्हणून नाही.

नीलमनगरात तेव्हा पाणी पाचव्या दिवशी.
पिंपातलं इतकं नितळ की तळातलं नाणं वाचावं,
आणि वर, पाण्याच्या सायीला आडवी चिकटलेली
दोऱ्याच्या तुकड्यांएवढी पिल्लं.
आम्ही फुंकर मारून ती बाजूला सारायचो
नि तांब्या बुडवायचो.

अंबादास टॉवेलच्या मागावर रात्रपाळीला.
एका पहाटे आला तो दात वाजवत.
धोटा फिरावा तशी थंडी
या खांद्यातून त्या खांद्यात.
चार चादरी घातल्या. चादरींची काय कमी सोलापुरात!
उन्हं चढली तशा चारही घामानं भिजल्या.

दवाखान्यातला इम्तियाज बागवान आला,
बोट टोचून काचेवर थेंब घेऊन गेला,
परत आला, दारामागे खडूनं तारीख लिहिली
आणि गोळ्या दिल्या. या तीन दिवसांच्या.
त्या चौदा दिवसांच्या, रोज दोन, अठ्ठावीस.
"खाऊन घे. मधे सोडू नको."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला.
अंबादासनं भाकरी मागून खाल्ली, शेंगाचटणी, वर कांदा,
आणि ताटावरून उठताना म्हणाला,
"चालु, अम्मा."

आमच्या घरातल्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मराठीत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.
तापानं बहुतेक मराठीत ऐकलं.

अम्मालाही पटलं. गोळी उष्ण पडते,
पोरगं आधीच वाळलंय.
दोन दिवस रोज अर्धी, ताकाबरोबर. मग तीही नाही.
उरलेल्या चुन्याच्या रिकाम्या डबीत.
त्यातल्या चार शेजारच्या पद्मव्वाच्या जावयाला,
त्यालाही थंडी वाजत होती म्हणून.
शिळी भाकरी टाकत नाही आपण,
औषध कसं टाकायचं?

खांडेनवमीला मागाची पूजा.
झेंडूची माळ हातात, आणि माळच थरथरायला लागली.
मालक म्हणाला, घरी जा.
दसरा झाला, दिवाळी आली,
त्या मागावर तोवर दुसराच उभा.

इम्तियाजनं पुन्हा बोट टोचलं. मग विचारलं,
"मागच्या गोळ्या?"
अम्मानं डबी आणली, सुपात उपडी केली,
तंबाखूच्या चुऱ्यात पांढऱ्या गोळ्या.
त्यानं बोटानं एकेक सरकवली, चेकर सरकवतो तशी.
सतरा.
ओरडला नाही. एवढंच म्हणाला,
"वैऱ्याला अर्धा मारून सोडू नये.
काळजाखाली दडून राहतो तो, घर ओळखून परत येतो."

अम्मा सुपाकडे बघत राहिली.
मोजणीत निघालेली तिची ही पहिली छाट.

त्या रात्री तिनं तेंदूची चौदा पानं कापली,
एका दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगली.
गोळ्या पोटात गेल्या की एक पान तोडायची,
अंबादासला तोंड उघडायला लावून,
जीभ वर करायला लावून.
मळमळायचं त्याला. शिव्या द्यायचा, आम्हाला, इम्तियाजला, डासांना.
नवव्या रात्री हात आडवा केला. "चालु."
अम्मा घरात मराठी कधी बोलत नसे.
त्या रात्री बोलली:
"चोवीसचा कट्टा घेतात का रे कुठे?"
आणि त्याचा कंठ हलेपर्यंत पेला धरून उभी राहिली.

आता पिंपाला टॉवेल बांधतो आम्ही, छाटीतला, घट्ट.
अंबादास दुसऱ्या कारखान्यात लागला, दिवसपाळीला.
पद्मव्वाचा जावई त्या चार गोळ्या घेऊन
तेव्हाच यादगीरला गेला होता.
इम्तियाजनं पत्ता लिहून घेतला, फोन लागला नाही.
पद्मव्वाला विचारलं की ती म्हणते,
बरा असेल, नाहीतर कळलं असतं.