दोन गुणांचा प्रश्न

एकतीस वर्षं मी फळ्यावर भूमध्य समुद्र काढला,
निळा खडू आडवा धरून.
आधी इटलीचा बूट, मग ग्रीसची फाटकी झालर,
आफ्रिका उरलेल्या जागेत, बसेल तशी.
आणि दर सहामाहीला तोच प्रश्न, दोन गुणांना:
तिथलं हवामान कसं असतं?
उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात.
एवढं लिहिलं की दोनपैकी दोन.

तर ऑगस्टात, बारी नावाच्या बंदरात,
तो माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होता,
तिरपा, दांडगा, पुस्तक न वाचलेला.
शरयू उलट्या झालेल्या छत्रीच्या काड्या मोजत म्हणाली,
"बाई, किती पोरांचे मार्क परत घेणार आता?"

आम्ही चौघी रामबागेतल्या.
तीन वर्षांची भिशी, गुडघ्यांना पट्टे,
तेरा दिवसांत चार देश.
बकुळ रोमला उतरली, तिची बॅग ट्युनिसला.
आठवडाभर तिने माझे दोन कुर्ते, कुंदाचा एक
आणि हॉटेलातल्या कुणा जर्मन बाईचा फुलाफुलांचा झगा
आळीपाळीने घातला.
"बॅगेने माझ्यापेक्षा एक देश जास्त बघितला,"
हे ती अजून सांगते,
दर वेळी नव्याने चिडून.

नेपल्सला जीरावणाचा डबा पकडला.
हातमोजे घातलेल्या पोराने झाकण उघडून
नाकाशी नेला,
आणि सात वेळा शिंकला.
"जियो भिया," कुंदा म्हणाली.
डबा परत मिळाला.

मग अथेन्सच्या बंदरावर संप.
बोट समोरच होती, सगळे दिवे लावून,
लग्नघरासारखी.
फक्त तिची शिडी कुणी खाली सोडत नव्हतं.
रात्री आम्ही शाली अंथरल्या.
शेजारी एक ट्रकवाला अडकला होता, कलिंगडं घेऊन.
त्याने एक गुडघ्यावर आपटून फोडलं,
आम्ही त्यावर जीरावण भुरभुरलं.
त्याने चाखलं. थांबला.
आणि तळहात पुढे केला: अजून.

तेव्हा, तोंडातल्या बिया मुठीत घेत,
शरयू म्हणाली,
"घर विकलं मी. जुलैत सही झाली.
दिवाळीनंतर मुलाकडे, एडमंटनला."

कुणीतरी दूरवर घोषणा देत होतं.
बकुळ त्या फुलाफुलांच्या झग्यात ताठ बसली:
"आणि हे सांगायला आम्हाला इथवर आणलंस?"
"तिथे सांगितलं असतं
तर तुम्ही रुसून आपापल्या घरी गेला असतात.
इथून कुठे जाल?
बोट बंद आहे."

पहाटेपर्यंत आम्ही भांडलो.
बेट राहिलंच.

परतल्यावर सगळे विचारायचे,
ती पांढरी घरं पाहिली का, निळे घुमट?
आम्ही माना डोलवायचो.
कुंदाने तर फोटोही दाखवला,
हॉटेलातल्या कॅलेंडरचा.

आता जानेवारी.
रात्रीचे अकरा, सराफा,
बंद शटरला पाठ लावून आम्ही तिघी.
गराडूवाल्याने न विचारता चार प्लेट लावल्या.
कुणी काही बोललं नाही, चौथी मधे ठेवली.
तेवढ्यात फोन.
तिथे सकाळ, तिच्या मागे खिडकीभर पांढरं.
"उणे एकतीस," शरयू म्हणाली,
"सांगा बाई, इथलं हवामान. दोन गुणांना."
मी म्हटलं, "तो देश मी ऑप्शनला टाकायचे गं."

ती हसली की चित्र अडकलं, कळेना.
बकुळने फोन हिसकला,
तिला वास लागावा तसा प्लेटवर धरला.
गरम वाफ काचेवर बसली.
"काही दिसत नाहीये," पलीकडून आवाज आला,
"पण धरून ठेव."