पाऊण तासाचं ऊन

शिवडीच्या आमच्या शाळेत ऊन आता
अकरा चाळीसला येतं,
बारा पंचवीसला जातं.
बाकीचं समोरच्या बेचाळीस मजल्यांनी ठेवून घेतलं.
वर गच्चीत पोहायचा तलाव आहे म्हणे.
पाणी छान कोमट होत असेल.

सातवी ब. प्रयोग: पानातील स्टार्च.
जास्वंदीची कुंडी बोभाटेमामांनी
दोन दिवस कपाटात कोंडली होती,
गुंडाळलेले नकाशे आणि
अंटार्क्टिका निखळलेला पृथ्वीगोल, यांच्या सोबतीला.
मी म्हटलं, उपाशी ठेवायचं तिला,
म्हणजे साठवलेलं सगळं संपेल.
मागच्या बाकावरून रेहाना मुकादम म्हणाली, "रोजा."
हसलो सगळे.

मग एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी,
दोन क्लिपा,
आणि कुंडी गॅलरीत, कठड्याला टेकवून.
पुस्तकात लिहिलंय: चार ते सहा तास उन्हात ठेवा.
पुस्तक पुण्यात छापतात.

तोवर फळ्यावर समीकरण.
सहा कर्बवायू मुळाक्षरांसारखे ओळीत,
सहा पाणी,
बाणाच्या डोक्यावर ऊन,
बाणाच्या पुढ्यात साखर,
आणि शेवटी, सुटे पैसे परत द्यावेत तसे
सहा प्राणवायू.

"बाई, पान आपलं जेवण आपणच करतं?"
हो.
"मग भांडी कोण घासतं?"

रेहानाची अम्मी पाच घरी पोळ्या लाटते,
तीन घरी भांडी.
मी जरा विचार करून म्हटलं, खरकटं असं नसतंच.
उरतो तो प्राणवायू. तो ते बाहेर टाकतं,
आपण आत ओढतो.
"म्हणजे खरकट्यावर जगतो आपण,"
म्हणाली, आणि वहीत लिहूनही घेतलं.

बारा सव्वीसला पान खुडलं.
आधी उकळत्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये,
चंचुपात्राखाली पाण्याची वाफ.
हिरवं सुटायला लागलं.
बोभाटेमामांचे वडील गिरणीत रंगखात्यात होते;
मामा वाकून बघत राहिले.
"चढवलेला रंग असा निघत नाही, बाई," एवढंच बोलले.
पान शेवटी
आईच्या धुऊन विटलेल्या पातळासारखं झालं,
आणि स्पिरिट हिरवंगार.

आयोडीन. चार थेंब, पाच.

पट्टीखालचा भाग तपकिरी, पुस्तकाप्रमाणे.
पण बाजूचाही तपकिरीच.
फक्त टोकाशी, जिथं पान गजातून बाहेर लोंबत होतं,
तिथं नखाएवढा निळा-काळा डाग.

माझ्या पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या डबीत
दुसरं पान होतं.
मुलुंडच्या माझ्या खिडकीत दिवसभर शेकलेलं,
काल रात्री घरीच करून ठेवलेलं, अगदी आकृतीबरहुकूम.
दरवर्षी तेच दाखवते.
हात पर्सच्या चेनवर होता.

तेवढ्यात पोरं चित्र काढायला लागली होती.
जे समोर होतं त्याचं.
तन्मयनं डाग जरा मोठा काढला, त्याला दया आली असावी.
रेहानानं मोजपट्टीनं मोजून काढला,
डागापासून बाण ओढला, बाणाशी लिहिलं,
'इथपर्यंत जेवली.'
कोऱ्या भागावर दुसरा बाण:
'इथे बिल्डिंग.'

दहापैकी दहा द्यायला नियम आडवा येतो:
निरीक्षण पुस्तकाशी जुळत नाही.
साडेनऊ दिले. अर्ध्याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी बोभाटेमामांनी सुतळी आणली,
कुंडी चार बोटं आणखी बाहेर सरकवून
गजाला पक्की बांधली.
जास्वंदीनं मान आधीच तिकडे वळवलेली होती.