बोटं मोजता आली पाहिजेत

दारव्हा नाक्यावर माझं टिनाचं दुकान.
बाहेर टायरवर पांढऱ्या रंगात: काच, सीटकव्हर, हॉर्न.
मे महिन्यात टिन तडतडतं
आणि गिऱ्हाईक गाडीचं दार फडक्यानं धरून उघडतं,
म्हणतं, शालिकभाऊ, कायी करून टाक सारी.

मी कागद दाखवतो, तेल लागलेला, चार घड्यांचा:
पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड,
बाजूच्या काचेतून पन्नास.
टक्के कोणाला दिसतात?
बोबडे हवालदाराजवळ मशीन नाही.
तो काचेमागं पंजा धरायला लावतो
आणि बाहेरून बोटं मोजतो.
पाच दिसली तर जा.
चार दिसली तर पावती.

सिंधूबाई आल्या तेव्हा पारा पंचेचाळीसवर होता.
उपकेंद्राच्या नर्सबाई, जुनी राखाडी अल्टो,
मागच्या सीटवर लसीचा निळा डबा,
त्याला सीटबेल्ट लावलेला.
"ऊन तर हायेच," त्या म्हणाल्या, "पण उनाचं नाही बाप्पा.
पारावरचे सारे मान वयवून पाह्यतात,
बाई गाडी चालवून राह्यली म्हणून.
गिअर चुकला तं हासतात.
नाही चुकला तरी हासतात.
मी दिसाले नको त्याईले."

मी कायदा सांगितला. मग फिल्म लावली.
साबणाचं पाणी, रबरी पट्टी, ब्लेड,
एकेक बुडबुडा कोपऱ्याकडे ढकलत.
चौदाशे रुपये. पुढच्या दोन्ही काचा काळ्याकुट्ट.

सतरा दिवस सिंधूबाई दिसल्या नाहीत.
गाडी रोज जायची,
आत कोणी नसल्यासारखी.

मग एकदा दिवेलागणीला आल्या,
इंजिन बंद न करता उतरल्या.
डाव्या आरशाच्या जागी नुसती वायर लोंबत होती.
पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"लाडखेडच्या वळणावर चंपत कुमरे म्हशी घेऊन उभा.
आता थांबन, असं मले वाटलं.
त्याले वाटलं, बाई थांबते.
आमचं रोजचं हाये नं भाऊ,
तो भुवई उडवतो, मी मान हालवते,
मंग एक जण निंगतो.
आज तो काचीकडं पाह्यतच राह्यला.
काचीत त्याले त्याचंच तोंड दिसलं."

वगारीच्या मांडीला घासलं होतं.
चंपत नालीत बसून राहिला म्हणे, काठी उराशी धरून,
शिव्या देईना.
"शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं," सिंधूबाई म्हणाल्या.

लाइन गेलेली. हीटगन कशाची चालते?
शेजारच्या ठेल्यावरून किटलीभर उकळतं पाणी आणलं,
मोबाइल दातात धरला
आणि फिल्मचा कोपरा नखानं उचलला.
आली ती जखमेवरच्या खपलीसारखी,
कुठं सलग, कुठं तुकड्यानं.
सिंधूबाई आत जाऊन बसल्या, काचेमागं पंजा धरला.
"किती?"
"पाच."
"पुन्हा मोज."

आता त्या ओला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवतात,
डोळे तेवढे उघडे.
पारावरचे अजून पाहतात.
चंपत भुवई उडवतो की नाही, मी विचारलं नाही.
पैसे त्यांनी परत मागितले नाहीत,
मीही दिले नाहीत. हे लिहून ठेवतो.

काढलेली फिल्म दुकानात पडून आहे,
गोंद धुळीनं माखलेला.
काल भर दुपारी सहज डोळ्यासमोर धरली.
सडक गेली, बाभळी गेल्या,
पलीकडून कोणीतरी येत होतं,
मैलाच्या दगडाएवढं, तसंच करडं.
त्यानं हात वर केला.
ओळखीचा असावा.
मी बोटं मोजत राहिलो.