डाग वाळल्यावर

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास
पुलापलीकडून येतात दोघं:
साइमी, वय सात, पाठीवर दप्तर,
आणि पिंजऱ्यात, शालीखाली, पूरो.
पूरो म्हणजे पेज. ओटच्या पेजेचाच रंग,
आणि तसाच उतू जातो, कुठेही.

मागच्या खेपेला शिकला होता.
शनिवारपर्यंत सगळं ट्रेमध्ये,
हॉकीच्या निकालांवर नेमका बसून,
तोंडाने वाळलं गवत ओढत, मान ताठ,
निवृत्त न्यायाधीशासारखा.
मी फोटोसुद्धा काढला. शेजारच्या रेइमोला दाखवला.
मग सात दिवस तिकडे.
तिकडचा ट्रे निळा, न्हाणीघरात.
तिकडे फरशी, इकडे गालिचा.
परत आला तो पहिले पाढे पंचावन्न:
सोफा, गिटारची पेटी, माझा उजवा बूट.

डॉक्टर वेस्टरिनेननी त्याला उलटापालटा करून पाहिलं.
ऑपरेशन झालेलं आहे, मूत्रपिंडं ठणठणीत.
"आजार नाही हो. तो फक्त सांगतोय, हे माझं आहे.
दर आठवड्याला त्याला ते नव्याने सांगावं लागतं."
मी पैसे भरले
आणि गाडीत बसून राहिलो
काच वितळेपर्यंत.
औलूत जानेवारीत त्याला वेळ लागतो.

एक विद्या मात्र आली.
सशाचं मूत मी आता कुठेही ओळखतो.
ओलं असताना चहासारखं, कधी बिटासारखं,
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रक्तच वाटलं होतं.
वाळलं की खडूचा थर.
नखाने खरवडा, पूड पडते.
वर व्हिनेगर ओता, फसफसतं.

मंगळवारी सकाळी, म्हणजे अंधारातच,
साइमी स्वयंपाकघराच्या दारात.
पायजमा बदललेला, केस विंचरलेले.
"पूरोने माझ्या अंथरुणात केलं."

पूरो होता बाहेरच्या खोलीत.
रात्री कडी मीच लावली होती.

चादर काढली. गादीवर व्हिनेगर ओतलं,
सवयीने.
फसफसलं नाही.
मी उगाच थोडं आणखी ओतलं.

मग बाहेरच्या खोलीत जाऊन, जरा मोठ्यानेच,
"गाढवा, किती वेळा सांगायचं तुला?"
सशाला गाढव म्हणालो ते राहूच दे,
त्याच्यावर आळ घेतला तोही धडधडीत खोटा.
त्याने कान मागे टाकले
आणि मागचा पाय आपटला, एकदाच.
हरकत नोंदवून घ्या.

"ओरडू नको ना त्याला," मागून साइमी.
"रात्री जाग आली की त्याला कळतच नाही
तो कुठल्या घरी आहे."

त्या दुपारी तिच्या आईला फोन केला,
कितीतरी महिन्यांनी, कुठल्याही बिलाशिवाय.
तुझ्याकडचा ट्रे, तो निळा, कुठून घेतलास?
तिने दुकान सांगितलं. मग विचारलं,
गालिचा खराब करतो का?
गालिचा, सोफा, मी म्हणालो. गादीपण.
ती गप्प झाली. मागे तिच्या ऑफिसातलं प्रिंटर
कागदामागून कागद सोडत होतं.
"इकडेही," ती म्हणाली. "गादी."
पुढे आम्ही दोघंही
सशाबद्दलच बोललो.

आता माझ्याकडेही निळा ट्रे आहे, न्हाणीघरात.
पॅसेजमध्ये एक छोटा दिवा, रात्रभर,
"पूरोला दिसावं म्हणून."
न्हाणीघराच्या दारावर साइमीने बाण काढलाय,
सशाच्या उंचीवर नाही,
तिच्या.

पुढच्या खेपेला रविवारी पूरो उतरला,
निळ्या ट्रेपर्यंत गेला, आत डोकावला,
कडेला हनुवटी घासली,
पसंत आहे असं वाटलं.
मग वळला, पॅसेजभर सावकाश उड्या मारत आला
आणि माझ्या डाव्या बुटात

मी कपाटातून बाटली काढली, ओतली.
फसफसलं.
इतकं बरं वाटलं ते ऐकून,
की तसाच उकिडवा बसून राहिलो,
फेस विरेपर्यंत.