एकोणीस

जनता वसाहतीत, कालव्यापासून वर,
आमची अंगणवाडी नेमकी कितव्या पायरीवर आहे
ते मी कधी मोजलं नाही. इक्रा मोजते.
रोज वेगळ्या भरतात.
काल भरल्या ‘तीस आणि खूप’.

टॅब एक, पोरं वीस.
दिला तेव्हाच कचेरीने सही घेतली,
काच फुटली तर मानधनातून कापणार.
म्हणून तो झोपतो माझ्या जांभळ्या साडीच्या पिशवीत
आणि जेवतो जिलानी टेलरकडे,
इस्त्रीचा प्लग काढून.

चार-चार जणांचे पाच घोळके केले.
पाचव्यापर्यंत बॅटरी पोचेना,
मग ठरलं, उद्या शेवटून सुरू.
बेरीज अजून यायची आहे त्यांना,
‘उद्या शेवटून’ मात्र एका दिवसात आलं.

पडद्यावर झाड, झाडाला पाच पेरू.
बोट लावलं की एक गडप.
“आता किती राहिले?” आतली बाई विचारते.
तिचं मराठी धुऊन, घडी घालून ठेवलेलं.
भैरू बोलत नाही.
टॅब उलटा करतो, पाठीमागे बघतो,
पेरू तिकडे पडला असेल तर.
“हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करूया!”
अहो बाई, जरा दम धरा,
तो प्रयत्नच करतोय.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी खरे पेरू आणले, पाच.
भैरूने एक खाल्ला, बियांसकट.
“चार,” म्हणाला.
आणि पाचवा?
त्याने पोटावर हात ठेवला.
मग पडद्यावरचा पेरू गडप केला, चारवर बोट दाबलं,
आत टाळ्या वाजल्या,
तर टॅबच्या पोटावर थोपटून म्हणाला,
“ह्यानं खाल्ला.”

सोळा, सतरा, अठरा इथवर सगळे एका सुरात जातात.
पुढे चाक अडकतं.
कोणी ‘दहानऊ’ म्हणतं, कोणी सरळ वीसवर उडी.
बाई म्हणते, “एकोणीस. ऐकण्यासाठी पुन्हा दाबा.”
इक्राने सहा वेळा दाबलं.
शेवटी मीच सांगितलं,
एकोणीस म्हणजे वीसला एक कमी.
“पण ताई, वीस तर अजून आलाच नाही.
मग त्यातनं एक कमी कसा?”

बावीस वर्षं शिकवतेय.
हा आकडा उघडून आत कधी बघितलं नव्हतं.
टॅबकडे बघितलं.
तो म्हणाला, पुन्हा दाबा.

हजेरीला त्यात वीस चेहरे येतात,
आलेल्याला बोट लावलं की हिरवा होतो.
एक चेहरा तीन आठवडे राखाडी आहे.
आम्रपाली पाईकराव.
बाप जिथे इमारत तिथे,
आता वाघोलीच्या पुढे कुठेतरी.
तिचा खेळ सात विटांवर थांबलाय.
दहा झाल्या की घर उभं राहतं, वर पताका लागते.
पाचवा घोळका आता तिघांचा.
कचेरीतून फोन येतो, नाव कमी करा, पट दुरुस्त करा.
करते म्हणते.
बटण कुठंय ते मला ठाऊक आहे.

आज हजेरीचं काम इक्राने मागून घेतलं.
एकेक चेहरा हिरवा करत गेली,
सोळा, सतरा, अठरा,
शेवटी स्वतःचा,
आणि बोट राखाडीपाशी येऊन थांबलं.
“वीस आहेत,” ती म्हणाली, “आम्रपाली नाही.”
मग बराच वेळ काही नाही.
मग कोणालाच न सांगता, हळू,
“एकोणीस.”

टाळ्या वाजल्या नाहीत, हजेरीत तशी सोय नाही.
भैरू पुढे सरकला.
दोन्ही हातांनी सांभाळून टॅब उलटा केला.
मागे कचेरीचं स्टिकर होतं, अर्धं निघालेलं,
आणि जांभळ्या साडीचा एक धागा.
तरी तो बघत राहिला.
मी त्याला घाई केली नाही.