झाकण

सकाळचे साडेआठ. कॅन्ससमधल्या प्रॅट गावात,
पेट्रोल पंपामागे, चार टेबलांचं खाणावळवजा काहीतरी.
मेरीबेथ सिरपची बाटली कोपराने सरकवते,
लॅपटॉप उघडते, म्हणते : आज दोन आहेत.
दोन म्हणजे जागा.
एक वर, नेब्रास्काच्या शिवेवर, जिथे तीन स्वभावांच्या हवा समोरासमोर येतात.
दुसरी इथून खाली, ओक्लाहोमात, कोरड्या रेषेच्या पोटाशी.
दोहोंत चार तासांचं अंतर,
आणि आमच्याकडे गाडी एक.

व्हर्लिन बोलत नाही.
चाळीस वर्षं त्याने गव्हाची मळणीयंत्रं दुरुस्त केली,
आवाज ऐकल्याशिवाय तो कशावरही मत देत नाही.
उठून बाहेर जातो, टोपी काढतो,
टकलावर थोडा वारा घेतो.
परत येऊन म्हणतो : आग्नेयेचा आहे. ओला आहे.
मेरीबेथ : ते मला पडद्यावर दिसतंय.
व्हर्लिन : तुला दिसतंय. मला लागतंय.

दवबिंदू अडुसष्ट.
वर, मैलभर उंचीवर, गरम हवेचं झाकण.
खाली दिवसभर वाफ कोंडत राहणार.
झाकण लवकर उडालं, तर जिकडेतिकडे किरकोळ ढगांची धक्काबुक्की;
उशिरा उडालं, तर एकच ढग, पण आख्खा जिल्हा खाणारा.
उडालंच नाही तर
निळं आभाळ, आम्ही तिघं, आणि पेट्रोलच्या पावत्या.

मी नकाशावर बोट ठेवतो. उचलतो.
मागच्या मे महिन्यात माझं ऐकून सगळे वर गेले होते
आणि खाली, पाठ फिरताच दूध उतू जावं, तसं आभाळ गेलं.
त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.
ते न काढणं मला चांगलं ऐकू येतं.

रोवेना कॉफी ओतते. तिच्या बिल्ल्यावर नाव आहे, एक अक्षर पुसलेलं.
कुठे होणार म्हणता?
मेरीबेथचा चेहरा उजळतो : खाली, अल्वाच्या आसपास. सहाच्या सुमाराला.
परिस्थिती इतकी सुंदर जुळून आलीये!
अल्वाला माझी आई असते, रोवेना म्हणते.
चाकांवरच्या घरात. चाकं केव्हाच काढून टाकली.
ती रागावलेली नाही. माझा कप काठोकाठ भरते, मग पुसते.
जवळ तळघर आहे का कुणाचं? व्हर्लिन विचारतो.
चर्चचं आहे. पण मांजर घेऊन येऊ देत नाहीत
आणि मांजराशिवाय ती जात नाही.

आम्ही खाली गेलो.
मेरीबेथने वहीत कारणं लिहिली :
ओलावा बरा, उंचावरचे वारे नीट वळलेले, रस्ते सरळ.
मांजराचं कारण नाही लिहिलं.

साडेसहा. हिरवे-पिवळे गहू, तारेच्या कुंपणावर एक ससाणा.
पश्चिमेला एक ढग उभा राहिला, बुरुजासारखा,
मेरीबेथ ये, ये, ये असं पुटपुटायला लागली
आणि त्याची मान वाकडी झाली, धूर झाला, गेला.
दुसरा. तोही.
मी मनातल्या मनात, कुणाला कळू न देता,
झाकण दाबून धरत होतो की उचकटत होतो,
मलाच नक्की सांगता यायचं नाही.

परतताना व्हर्लिनने न विचारता गाडी अल्वात घातली.
एका पत्र्याच्या घरापुढे म्हातारी बाई
नळीने कुंडीत पाणी सोडत होती.
पायरीवर करडं मांजर, पाय वर करून आपलं पोट चाटत.
तीच असेल असं काही नाही.
व्हर्लिनने दोन बोटं टोपीला लावली. तिनेही नळी हलवली.

रात्री दहाला, उत्तरेकडे, अगदी जमिनीलगत,
काहीतरी लुकलुकायला लागलं.
इतकं लांब, की बल्ब खराब झालाय असं वाटावं.
तेच ते, मेरीबेथ म्हणाली. मग तिनं लॅपटॉप मिटला.
व्हर्लिनने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं,
काच खाली केली.
आम्ही बराच वेळ तसेच बसलो.
रातकिडे होते. दूरवर कुठेतरी पाण्याचा पंप होता.
ढगाचा आवाज काही आला नाही.