जवसाचं तेल

उरकुडा नन्नावरेनं ती पोत्यात गुंडाळून आणली,
वर मुळ्याच्या चार जुड्या,
सिंदेवाहीच्या ठाण्यावरून येताना कुणी विचारू नये म्हणून.
कागद होता तरी.
कागदावर शिक्का : निकामी, शोभेपुरती.
घोड्यांखालच्या दोन्ही पिना कापून
भोकं बुजवलेली, चंद्रपुरात, सरकारी हातानं.
"फुटली नाही तरी चालते, भाऊ," उरकुडा म्हणाला,
"फक्त मेल्यावानी दिसू नये."

राइस मिलमध्ये मी चौतीस वर्षं फिटर.
हॉलर उघडले, पट्टे शिवले, बेअरिंगा ठोकून बसवल्या,
बंदूक कधी उघडली नव्हती.
पहिले दोन दिवस नुसता बघत बसलो,
नव्या जावयाकडे बघतात तसा.

स्क्रू सात. एकही हलेना.
घासलेट पाजलं, मग तेल,
आठ दिवस, रोज चहाआधी एकेक थेंब.
प्रत्येक स्क्रूच्या मापानं पेचकसाचं तोंड घासलं.
नवव्या सकाळी एक करकरला,
म्हातारं माणूस कुशीवर वळताना करकरतं तसा,
आणि मी एकटाच मोठ्यानं "अरे वा" म्हणालो.

आत कुंभारमाशीचं घर.
गंजाची लाल भुकटी.
धानाचं एक तूस, कुठल्या सालचं कोण जाणे.
आणि कमान, पातळ, विलायती,
माझ्या बापाच्या जन्माआधीपासून दाबून धरलेली.
हात लागताच सुटली. अंगठ्याचं नख गेलं.
बायको म्हणाली, "रिटायर झाल्यावर तरी..."
पुढचं बोलली नाही, हळद आणून दिली.

पौषातल्या एका दुपारी
गंजाखालून नळीची नक्षी वर आली :
लोखंड-पोलाद पिळून काढलेल्या बारीक लाटा,
बोडीत मरळ वळली की पाण्यावर उठतात तशा.
नळीला डोळा लावला.
पलीकडच्या टोकाला बांधीतली लाखोरी,
निळी, रुपयाएवढी.

दस्ता अक्रोडाचा. हातांच्या मळानं काळा.
डाव्या अंगाला खाचा, पेरापेराच्या अंतरानं.
उरकुडा म्हणे, आज्यानं मारलेली डुकरं.
गाव म्हणे, वाघ.
मी म्हटलं, दस्ता कसा गुळगुळीत पाहिजे,
आणि सँडपेपर चालवला.

पार्बताबाई आली तेव्हा तीन खाचा गेल्या होत्या.
उरकुड्याची आत्या. मोतीबिंदू काढून चार दिवस,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
तिनं दस्त्यावरून बोट फिरवलं.
"...नऊ, दहा, अकरा."
पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.
"चौदा होत्या ना गा. मोजणं शिकलो आमी याच्यावर.
शाळा कोठं होती तवा?"
"डुकरं ना?"
"कायची डुकरं! नेम चुकला का बाबा खाच मारे.
लागलं ते खाल्लं, संपलं.
चुकलं ते राह्यते ना डोस्क्यात."

तिकोनी कानस समोरच होती,
पुन्हा कोरता आल्या असत्या.
पण चितळ होतं, ससा होता,
की अंधारात नुसता पाचोळा वाजला होता,
ते मला काय ठाऊक?
दुसऱ्याच्या चुका अंदाजानं कशा लिहायच्या?
नाही कोरल्या.
तेवढ्या जागी लाकूड फिकं राहिलं.

मग जवसाचं तेल, घाण्यावरचं.
तळहातानं चोळायचं, लाकडाला ऊब येईस्तोवर.
एक हात, दोन दिवस थांबा, दुसरा हात.
फिकी जागा जास्त प्यायची.
रात्री जेवताना कळेना,
वास ताटातल्या चटणीचा की माझ्या बोटांचा.

नवव्या हातानंतर जोडली.
दोन्ही घोडे मागे ओढले, पार्बताबाईच्या हाती दिली.
ती भिंतीकडे रोखून बराच वेळ उभी राहिली,
पट्टीखालचाही डोळा मिटत असावी.
टक.
ओसरीवरच्या कुत्र्यानं एक कान उचलला
आणि परत टाकला.

"चुकला," ती म्हणाली, आणि कानस मागितली.
मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आत्या,
तेल ओलं आहे.